ट्रेलरही वाहनच असतो: वाईहून फियाट आणताना

मोटारीमागे ट्रेलर जोडून त्यावर दुसरी मोटार न्यायची आहे आणि ती कायद्याने न्यायची आहे, असे मी ज्यांना ज्यांना सांगितले, त्यांपैकी बहुतेकांनी वाक्याचा पहिला भाग ऐकून मान डोलावली आणि दुसरा ऐकून माझ्याकडे किंचित काळजीने पाहिले. आरटीओच्या कामांत केस पिकवलेल्या एका एजंटाने तर सरळ सांगितले, "मॅडम, रात्री अकरानंतर काढा, टोचन लावा आणि सकाळी कोथरूडला चहा प्या. कोण विचारतंय?" कोणी विचारले नसते, हे मलाही मान्य आहे. माझा आक्षेप वेगळा होता.

प्रकरण असे, की आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, १९७० सालची फियाट ११०० वाईला गंगापुरीतल्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये बरीच वर्षे उभी होती. नोंदणीची मुदत केव्हाच संपलेली, ब्रेक पूर्ण जाम झालेले आणि टायर नावापुरते. ती पुण्याला आणून दुरुस्त करायची आणि मग पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी २०२१ मध्ये आलेल्या विंटेज नोंदणीच्या नियमांनुसार कागद करायचे, असे ठरले. त्या गाडीच्या आठवणींवर माझी बहीण माझ्यापेक्षा बरे लिहील; मी आणण्यापुरतेच लिहिते.

टोचन लावून, म्हणजे दोराने किंवा साखळीने ओढत आणणे का नको, ते आधी सांगते. १९८९ च्या रस्ता नियमांत याविषयी स्पष्ट तरतूद होती: बिघडलेले वाहन जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत ओढावे, ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक माणूस स्टिअरिंगवर बसलेला असावा, दोन गाड्यांतले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसावे, मागे ७५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत 'ऑन टो' लिहिलेले असावे आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर जाऊ नये. २०१७ मध्ये या नियमांची जागा नव्या वाहनचालन विनियमांनी घेतली. ते सगळे बाजूला ठेवले, तरी जिला ब्रेकच नाहीत अशा गाडीत कुणाला तरी बसवून तिला खंबाटकीच्या उतारावर पाच मीटर दोराच्या भरवशावर सोडणे म्हणजे काय, हे समजायला कलमे वाचावी लागत नाहीत. वाई ते पुणे म्हणजे "जवळचे गॅरेज" होत नाही, हेही ओघाने आलेच.

दुसरा पर्याय फ्लॅटबेड ट्रकचा. मला कोणी सल्ला विचारला, तर शंभरातल्या नव्वद जणांना मी तोच पर्याय सांगेन. भाडे द्यावे, पावती घ्यावी आणि मोकळे व्हावे. आमच्या बोळात मात्र तो ट्रक वळत नव्हता. शिवाय यजमानांचे एक मित्र रॅलीच्या गाड्या नेतात. त्यांच्याकडे रीतसर नोंदवलेला ट्रेलर आणि तो ओढणारी खासगी नोंदणीची डबल कॅबिन पिकअप, दोन्ही होते. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, कागद मात्र एकदा तुम्ही स्वतः वाचा." या एका वाक्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

कागद वाचताना जे पहिल्यांदा उमगले, ते असे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे. आपण ट्रेलरकडे गाडीला लावलेले सामान म्हणून पाहतो, टपावरच्या कॅरिअरसारखे. कायदा त्याला स्वतंत्र वाहन मानतो आणि हे एकदा मनात पक्के बसले, की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. वाहन आहे म्हणून त्याला स्वतःचा चासी क्रमांक असतो, स्वतःची नोंदणी असते, स्वतःचे आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, असते; केंद्र सरकारच्या 'वाहन' प्रणालीत तर 'ट्रेलर फॉर पर्सनल यूज' असा वर्गच आहे. म्हणजे गॅरेजमध्ये वेल्डिंग करून घेतलेला, रंग मारून चकाचक केलेला पण बिननोंदणीचा ट्रेलर रस्त्यावर आणणे हे बिननोंदणीची मोटार रस्त्यावर आणण्यासारखेच आहे.

कलम ६१ मधली गंमत तर मला माहीतच नव्हती. ट्रेलरचा स्वतःचा क्रमांक त्याच्या बाजूवर लावायचा आणि मागे मात्र त्याला ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक दाखवायचा. कारण उघड आहे. ट्रेलरवर चढवलेल्या मोटारीमुळे पिकअपची मागची पाटी झाकली जाते आणि मागच्या माणसाला ओढणारे वाहन कोणते ते कळायलाच हवे. यजमानांच्या मित्रांच्या ट्रेलरवर जुन्या पिकअपचा क्रमांक तसाच राहिलेला होता, तो आम्ही बदलून घेतला. याला क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी असा विचार करावा, की अपघात झालाच, तर पोलीस आणि विमा कंपनी पहिल्यांदा हाच क्रमांक लिहून घेतील.

विम्याचे प्रकरण थोडे लांबले. ट्रेलर वाहन आहे, म्हणून त्याच्यामुळे तिसऱ्या कुणाला इजा झाली, तर ती विम्यात बसते की नाही, हे पॉलिसीवर लिहिलेले असावे, इतकीच माझी मागणी होती. फोनवरच्या मुलाने नम्रपणे विचारले, "मॅम, ट्रेलरचा इंजिन नंबर सांगता का?" मी म्हटले, त्याला इंजिन नसते. तो म्हणाला, "पण सिस्टिम पुढे जात नाहीये." तीन फोन आणि दोन ईमेल यांनंतर ट्रेलरचा क्रमांक पॉलिसीच्या कागदावर आला. तोवर यजमानांनी मला "इंजिन नंबर शून्य" असे म्हणायला सुरुवात केली होती.

परवान्याबाबत मी निर्धास्त होते, तरी खात्री करून घेतली. कायद्याच्या कलम १० मध्ये परवान्याचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत मोटारीमागच्या ट्रेलरसाठी वेगळा प्रकार नाही. केवळ ट्रेलर जोडला म्हणून ट्रॅक्टरचालकाचा परवाना निष्प्रभ होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी प्रकरणात सांगितले होते, आणि हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवता येते, यावर घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी शिक्कामोर्तब केले. आमचा सगळा लवाजमा त्या मर्यादेच्या पुष्कळ आत होता.

पण परवाना असणे आणि ट्रेलर ओढता येणे यांत जे अंतर आहे, त्याबद्दल आपल्याकडे कोणी काही बोलत नाही. माझा भाचा ब्रिटनमध्ये असतो. तिथे १ जानेवारी १९९७ पासून मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना जड ट्रेलर ओढण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. मालवाहू ट्रकचालकांच्या परीक्षांसाठी जागा मोकळ्या व्हाव्यात म्हणून ती अट १६ डिसेंबर २०२१ पासून रद्द झाली आणि आता ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर मोटारीच्या साध्या परवान्यावर चालतो. भाच्याला हे चूक वाटते. मला वाटते, की परीक्षा पुन्हा आणायचा आग्रह दूर राहू द्या, आपल्या शिकाऊ परवान्याच्या पुस्तकात ट्रेलरवर दोन पाने आली, तरी पुष्कळ होईल. त्या दोन पानांवर काय असावे, ते मला वाईच्या बाजारात कळले.

आमच्या ट्रेलरचे वजन भुईकाट्यावर ५२० किलो भरले आणि फियाट सुमारे ९०० किलोची, म्हणजे एकूण १,४२०. हा आकडा पिकअपच्या उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत होता. (आपल्याकडच्या अनेक मोटारींच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नका, असेच छापलेले असते. मागच्या बंपरला शोभेसाठी जो चकचकीत दांडा बसवून घेतात, तो ओढण्यासाठी नसतो. ओढण्याचा हूक चासीला धरून असावा लागतो.) पण एकूण वजनाइतकेच महत्त्व त्यातले किती वजन पुढे हुकावर येते, याला आहे. ते एकूण वजनाच्या साधारण पाच ते सात टक्के असावे. कमी पडले, तर ट्रेलरची शेपटी हलू लागते आणि वेग वाढला, की ती पुढच्या गाडीलाही घेऊन जाते. फार झाले, तर पिकअपची मागची बाजू दबून पुढची चाके हलकी होतात.

हे मोजायचे कसे? ट्रेलर सुटा करून त्याच्या तोंडाखाली काटा ठेवायचा. शेजारच्या भुसार दुकानदाराने धान्याची पोती मोजायचा आपला काटा हातगाडीवर घालून आणून दिला, वर स्वतः उकिडवा बसून आकडा वाचायला लागला. ३५ किलो. डोळ्यांना फियाट अगदी मधोमध, देखणी दिसत होती आणि काटा सांगत होता, की ती मागे जास्त आहे. चौघांनी मिळून ती पुढे ढकलली, किती तर जेमतेम वीतभर. ९६ किलो. दुकानदार काट्याकडे आणि गाडीकडे आळीपाळीने पाहत म्हणाला, "ताई, एवढ्याशानं एवढा फरक?" ९०० किलोची वस्तू वीतभर सरकली, की हुकावर साठ किलोंचा फरक पडतो, हे मीही त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिले. नंतर चारही चाकांना रॅचेटचे बेल्ट आवळले आणि त्या जागी चाकांपुढे लाकडी ठोकळे ठोकले, म्हणजे वाटेत ती वीत हरवायला नको.

दिव्यांनी थोडा वेळ खाल्ला. ब्रेक दाबला, की दोन्ही इंडिकेटर मंद पेटत होते. इलेक्ट्रिशियनने वायरिंगला हातही न लावता अर्थिंगचा स्क्रू काढला, त्याखालचा नवा रंग पातीने खरवडला आणि स्क्रू परत आवळला, दोष गेला. हौसेने मारलेला रंगच आडवा आला होता.

बोळातून बाहेर पडताना मागे घेण्याचा प्रसंग आला आणि तिथे माझी पस्तीस वर्षांची ड्रायव्हिंग कामी आली नाही. ट्रेलर उलट्या दिशेने वळतो, हे ऐकून माहीत असते. हाताला माहीत नसते. स्टिअरिंगचा खालचा भाग धरावा आणि ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा, त्या बाजूला हात न्यावा, ही युक्ती ट्रेलरमालकांनी फोनवर सांगितली. त्यातही मागे घेताना ट्रेलरचा ब्रेक आपोआप लागू लागला, कारण पिकअपकडे ढकलले गेले, की स्वतःचे ब्रेक लावायचे अशीच त्या ट्रेलरची रचना आहे. मागे घेण्यासाठी एक खटका उचलून ठेवावा लागतो, तो मी विसरले होते. बोळातल्या सगळ्यांनी सूचना केल्या. अर्ध्या परस्परविरोधी होत्या.

सुरूरला महामार्गावर लागल्यावर थांबून बेल्ट पुन्हा आवळले. स्प्रिंगा बसल्यामुळे ते दोन बोटे सैल पडले होते. खंबाटकीच्या बोगद्यानंतरचा उतार आणि ते कुप्रसिद्ध एस वळण दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. ट्रेलरचे ब्रेक ढकलण्यावर चालतात, म्हणजे लांब उतारावर ते सतत घासत तापतात; म्हणून वेग इंजिनाने धरायचा आणि पायाचा ब्रेक मोजून वापरायचा. शिरवळच्या सपाटीवर एक बस वेगाने शेजारून गेली, तेव्हा ट्रेलर एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे डुलला. मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरले आणि ब्रेक दाबला नाही. दोन सेकंदांत तो शांत झाला. काट्यावरचे ते ३५ किलो तसेच ठेवले असते, तर काय झाले असते, हे मी यजमानांना नवले पूल ओलांडेपर्यंत बोलून दाखवले नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उताराने किती अवजड गाड्या पुढच्यांवर नेऊन घातल्या आहेत, हे पुणेकरांना सांगायला नको.

याच रस्त्यावर गळिताच्या हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्या चालतात आणि त्यांतल्या कितीकांना मागे दिवा तर सोडाच, परावर्तक पट्टीही नसते. त्या शेतकऱ्याच्या घाईवर आणि कारखान्याच्या पाळीवर मला भाष्य करायचे नाही. पण ट्रॉलीही त्याच व्याख्येत बसते. तिचा मागचा दिवा हा ट्रॅक्टरवर केलेला उपकार नसून तिचा स्वतःचा दिवा आहे, असे जोवर आपण मानत नाही, तोवर अंधारात तिच्यावर जाऊन आदळणाऱ्या दुचाकीस्वाराचीच चूक काढत बसू. एजंटाच्या "कोण विचारतंय" वरचा माझा आक्षेप हाच होता. विचारणारा पोलीसच असतो, असे नाही. कधी तो मागून येणारा माणूस असतो.

वाटेत मला एकदाच थांबवले गेले. हवालदारांनी दोन आरसी पाहिले, ट्रेलरच्या विम्यावर बोट ठेवून दोनदा वाचले आणि विचारले, "ही फियाट पण तुमचीच का?" मग ते तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि जायला सांगितले.

सोसायटीच्या फाटकावर रात्रपाळीच्या वॉचमनकाकांनी रजिस्टर उघडले आणि पेन हातात धरून ते बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिले. "मॅडम, गाडी एकच आत येतेय, पण नंबर कुठला लिहू?" मी तिन्ही सांगितले. त्यांनी तीन ओळी भरल्या, तिन्हींपुढे वेळ घातली आणि सह्याही माझ्याकडून तीन घेतल्या.