शिसं, मेहुणा आणि आजीची मोरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मेहुण्याच्या टेक्सासमधल्या गॅरेजात घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या घालून पिस्तुलाची काडतुसं भरतात याचं मी लेखात नुसतं कौतुक केलं, इकडे त्यासाठी जेल होते ते लिहिलं नाही, शिशाच्या वाफेचं विष लपवलं, आणि वर 'गोळी जेवढी कडक तेवढी नळी साफ' ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट खोडून काढली.

पहिलं मान्य. तिकडे स्वतःपुरती काडतुसं भरायला फेडरल लायसन लागत नाही, विकायची तर लागतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायलाच परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवलं तर किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. पुण्यात हे काम खडकीच्या कारखान्याचं, १८६९ पासून चालू आहे, कोथरूडच्या गॅलरीत शेगडी मांडून करायचं नाही. हे लेखात हवं होतं, राहिलं.

वाफेचं मात्र अर्धंच बरोबर. शिसं ३२७ अंशांना वितळतं पण उकळायला १७४९ लागतात, भांडं ४०० च्या आसपास ठेवलं तर वाफ फारशी होतच नाही, तरी मेहुण्याने शटर सताड उघडं ठेवून पंखा लावला होताच. खरं विष पोटात जातं ते हातावरून. वितळलेल्या शिशावर राखाडी मळी येते, ती काढली की तिची पूड होते, वापरलेल्या पितळी केसेस, म्हणजे काडतुसांची रिकामी टरफलं, साफ करताना प्रायमरची, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीतल्या मसाल्याची, धूळ उडते, त्यातही शिसं असतं, आणि मग तीच बोटं वेफर्सच्या पाकिटात! हे मला चटकन कळलं कारण आमचे आजोबा शनिवार पेठेत छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे अक्षरं जुळवणारे, होते. छपाईचे खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, म्हणजे तरी काय, शिसं, कथील आणि अँटिमनी. घरी आले की आजी त्यांना आधी मोरीत पाठवायची, राखेने हात घासून झाल्याशिवाय ताट वाढायची नाही, आम्हाला वाटायचं हिचं सोवळं. मेहुण्याच्या गॅरेजच्या दाराशीच वेगळं बेसिन दिसलं आणि मला तीच मोरी आठवली.

घाबरायचंच असेल तर पाण्याला घाबरा. थेंबभर पाणी वितळलेल्या शिशाखाली गेलं की क्षणात वाफ होते आणि भांड्यातलं शिसं अंगावर उडतं. मी कोल्ड्रिंकचा गार कॅन घेऊन बघायला वाकलो, कॅनला बाहेरून पाणी सुटलेलं, तर एरवी मला 'अहो भाओजी' करणारा माणूस असा खेकसला की बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

आता तिसरा मुद्दा, इथे मी हलणार नाही. ब्रिनेल हे धातूच्या कडकपणाचं माप, आकडा जेवढा मोठा तेवढा धातू कडक; त्यात शुद्ध शिसं ५ च्या आसपास, गाडीच्या चाकाला लावायची जुनी वजनं १२, लायनोटाइप या जुन्या छपाईयंत्राचा धातू २२. मेहुण्यानेही पहिल्या वर्षी तुमच्यासारखंच धरून लायनोटाइप विकत आणलं, गोळ्या अशा कडक की नख उमटेना, आणि पन्नासेक झाडल्यावर नळीच्या आत शिशाचा थर, जो ब्रशने खरवडता खरवडता त्याचा रविवार गेला. कारण त्या गोळ्या नळीला सैल होत्या. सैल गोळीच्या बाजूने मागचा गरम गॅस निसटतो आणि जाताना शिसं ओरबाडून नळीला फासतो. तांब्याच्या आवरणाची ९ एमएम गोळी ०.३५५ इंचाची असते, शिशाची साधारण ०.३५६ ठेवतात, त्या एक हजारांश इंचात सगळी गोम. त्याने माप बदललं, धातू उलट मऊ घेतला, तेव्हापासून नळी चकाचक.

असो, कायद्याची ओळ आज मूळ लेखात अगदी वर टाकलीये. कडकपणाचा परिच्छेद आहे तसाच ठेवलाय.