सहा महिने झाले ना? मग उतर की मॅटवर!

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा कबड्डी खेळण्याबद्दल हे ऐकून ऐकून माझं डोकं फिरायची वेळ आलीये. मंडळातल्या मुली, सर, वाड्यातले काका, सगळ्यांचं एकच पालुपद. वर "पंत नाही का खेळला?" अरे, ऋषभ पंतचा अपघात डिसेंबर २०२२ मधला, आणि तो मैदानात परतला मार्च २०२४ मध्ये! सव्वा वर्ष लागलं त्याला, तेही बोर्डाचे फिजिओ हाताशी असताना.

एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना जोडून धरणारी दोरी, तुटली की मांडीमागची किंवा वाटीखालची दोरी काढून आत बसवतात. ती रुजायला महिनोन् महिने जातात. दुखायचं मात्र खूप आधी थांबतं, आणि तिथेच लोक फसतात. गुडघा वाकतोय, जिना चढतेय, म्हणजे झालं! चढाईत घोटा धरला गेल्यावर एका पायावर गर्रकन वळून मध्यरेषेकडे झेपावणं आणि जिना चढणं एकच आहे का?

पण खरा संताप येतो तो फिजिओथेरपीच्या नावाखाली जे चालतं त्याचा. मी जाते तिथे ओळीने खाटा. गुडघ्याला पट्ट्या चिकटवायच्या, मुंग्या आणणारं मशीन लावायचं, मग शेक, शेवटी पाय सरळ वर उचलायचा. झालं, उद्या या! अहो, माझी मांडी वाळलीये. ट्रॅकपँट त्या पायावर लोंबते. लेग प्रेस, वजन घेऊन स्क्वॅट, एका पायावरच्या उड्या कधी, असं विचारलं की "घाई नको". बरं, नको. मग मोजा तरी! दुखऱ्या पायात चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के ताकद आल्याशिवाय खेळायला सोडू नये, हा निकष खेळाडूंसाठी सर्रास वापरतात. माझी ताकद आजवर एकदाही कुणी मोजलेली नाही. २०१६ साली नॉर्वेतला अभ्यास आला होता: नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितकं दर महिन्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं. हे सरांना सांगितलं तर म्हणतात, तू फार वाचतेस.

आणि काका, रोज पर्वती चढ म्हणून सांगू नका हो! उतरताना पायरीपायरीला शरीराचा भार मांडीच्या स्नायूने पेलायचा असतो, आणि माझ्या त्याच स्नायूत जोर नाहीये.

मला खेळायचंय, तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त घाई मला आहे. पण यापुढे तारीख विचारू नका. दोन्ही पायांची ताकद नीट मोजून देणारी जागा माहीत असेल तर तिचा पत्ता द्या.