मालिश म्हणू नये

पुण्यात राहून ज्यांना शरीराला आणि मनाला विश्रांती द्यावयाची आहे, त्यांनी प्रथम आपली भाषा सुधारावी. ‘मालिश’ हा शब्द तालमीत, न्हाव्याच्या दुकानात आणि बाळंतिणीच्या खोलीत शोभतो. बाणेर, औंध किंवा कोरेगाव पार्क येथील काचेच्या दरवाजाआड, जेथे पाऊल टाकताच गवती चहाचा वास येतो आणि कोठेतरी प्लास्टिकच्या बांबूतून पाणी ठिबकत असते, तेथे हा शब्द उच्चारणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत ताटाचा दर विचारण्यासारखे आहे. तेथे ‘थेरपी’ म्हणावे. मालिश अंगाला बरे वाटावे म्हणून करतात, आणि निव्वळ बरे वाटावे म्हणून अडीच हजार रुपये मोजणे आपल्या संस्कारांत बसत नाही. तेच अडीच हजार शरीरातील विषद्रव्ये बाहेर काढण्यासाठी मोजले, तर चारचौघांत सांगता येतात.

सुखाला आपल्याकडे स्वतःची पत नाही, त्याला कोणत्या तरी रोगाचा जामीन लागतो. त्यामुळे ‘मला तासभर पडून राहायचे होते’ असे कधीही म्हणू नये, ‘माझा वात वाढला होता’ असे म्हणावे. वात खरोखर वाढला आहे की नाही, हे तपासायला कोणी येत नाही आणि वाढला नव्हता असे सिद्ध करणारा वैद्य पुण्यात अद्याप जन्माला आलेला नाही.

विषद्रव्यांचा पुरावा डोळ्यांनी पाहावयाचा असेल, तर काशाच्या वाटीला पर्याय नाही. पूर्वी ही वाटी घरात असे. पायाची आग होत असल्यास कोणीतरी तळव्यांना तूप लावून ती घाशी आणि घासून घेणारा बसल्या बसल्या पेंगू लागे. आता वाटी यंत्रावर बसली आहे, ती स्वतःच फिरते आणि दहा मिनिटांनी तळवे काळे झालेले दाखवते. हा काळा थर म्हणजे आपल्या देहातून निघालेले विष होय, असे समजून कृतकृत्य व्हावे. कांसे हा तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू असून त्यात तांब्याचा वाटा तीनचतुर्थांशाहून अधिक असतो, आणि तूप व घाम यांतील आम्लांशी तांब्याची गाठ पडली की काळपट थर उमटतो, असे सांगणारा एखादा रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक शेजारच्या खुर्चीवर बसलेला असण्याची पुण्यात दाट शक्यता असते. त्याच्याकडे पाहून स्मित करावे आणि दुसरा पाय पुढे करावा. पाय मिठाच्या पाण्यात बुडवून वीज सोडणारी पेटीही अशीच आहे. त्या पाण्याचा रंग विटकरी होतो तो आतील धातूची पट्टी गंजल्यामुळे, आणि पाय न बुडवताही तो तसाच होतो, म्हणून पेटी रिकामी चालवून पाहण्याचा आगाऊपणा करू नये. यकृत आणि मूत्रपिंडे हेच काम रात्रंदिवस करीत असतात खरी, परंतु त्यांच्या कामाला रंग नसल्याने कोणाला दाखवता येत नाही.

यानंतर पंचकर्माकडे वळावे. येथे एकच पथ्य आहे: ती पाच कर्मे कोणती, हे विचारू नये. वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण अशी त्यांची नावे आहेत आणि त्यांपैकी एकाचेही छायाचित्र माहितीपत्रकावर छापण्याजोगे नसते. माहितीपत्रकावर असते ती कपाळावर तेलाची धार धरलेली आणि डोळे मिटलेली तरुणी. आपल्याला जे मिळते ते तेल आणि वाफ, म्हणजे स्नेहन आणि स्वेदन. शास्त्रात यांना पूर्वकर्म म्हणतात, म्हणजे पुढे जे व्हावयाचे त्याची तयारी. तयारी होताच पैसे भरून घरी यावे आणि ‘पंचकर्म करून आलो’ असे सांगावे. मुंज न करता मुंजीचे जेवण जेवून येण्याची ही सोय अन्य कोणत्याही शास्त्रात नाही.

ग्रंथप्रामाण्याची हौस असणाऱ्यांनी आयुर्वेदाचे आचार्य वाग्भट यांचे नाव अवश्य घ्यावे, मात्र त्यांचे ‘अष्टांगहृदय’ उघडून पाहू नये. त्यातील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग रोज करावा असे म्हटले आहे, आणि आपले पॅकेज महिन्यातून एकदाचे असते. अजीर्ण झालेल्याने अभ्यंग करू नये असेही तेथेच आहे, आणि रविवारी सकाळी मिसळ चापून दहा वाजता टेबलावर पालथे पडण्याची वेळ आपण घेऊन ठेवलेली असते. सर्वांत अडचणीची गोष्ट अशी की डोके, कान आणि पाय या तीन जागी विशेषेकरून तेल लावावे, असा त्या आचार्यांचा सल्ला आहे. या तिन्ही जागी आपला स्वतःचा हात पोहोचतो. ही माहिती स्वागतकक्षात मोठ्याने बोलू नये.

परदेशी थेरपी निवडताना फार चौकशी करण्याचे कारण नाही. ज्याला आपण ‘स्वीडिश’ म्हणतो, त्याला खुद्द स्वीडनमध्ये ‘क्लासिक’ मालिश म्हणतात. ‘कपिंग’, म्हणजे अंगावर पेले चिकटवून कातडी आत ओढून धरणे, मात्र आवर्जून करावे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर लाल-जांभळी वर्तुळे दिसली आणि आपल्याला या विद्येची महती पटली. त्यापूर्वी वैदूंच्या बायका गल्लोगल्ली तुंबड्या लावत हिंडत असत, तेव्हा त्याला अडाणीपणा म्हणत. तुंबडी आता काचेची झाली आहे आणि ती नेमकी कोणाची भरते, हे बिल पाहिल्यावर कळते.

या सर्व व्यवसायाचा मूळपुरुष मानावयाचा झाल्यास मी शेख दीन मुहम्मद यास मानतो. पाटण्याच्या या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्रायटन येथे वाफेचे स्नान आणि चंपी यांचे दुकान थाटले. दाबणे या अर्थाच्या ‘चाँपना’ या क्रियापदावरून इंग्रजीत ‘शॅम्पू’ हा शब्द गेला होताच. दीन मुहम्मदाने स्वतःस ‘शॅम्पूइंग सर्जन’ म्हणवून घेतले आणि पुढे इंग्लंडच्या राजाकडून त्या नावाने नेमणूकही मिळवली. चंपीवाला म्हणून गेला असता, तर राजवाड्याच्या मागच्या दाराशीही कोणी उभे केले नसते. दोनशे वर्षांपूर्वी जे त्याला कळले, ते आपल्याला बाणेरला येऊन कळावे, ही थोडी उशिराच झालेली प्रगती आहे.

आपल्या सरकारला मात्र हे अजून कळलेले दिसत नाही. वैद्यकीय उपचारांवर जीएसटी नाही, आणि या सेवांवर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, तो केशकर्तनालये आणि व्यायामशाळा यांच्याच रांगेत बसवून. तेव्हा पावती घरी आणू नये.

अंगाला हातही न लावता होणाऱ्या उपचारांचा दर्जा अर्थातच सर्वांत वरचा. जपानमध्ये १९२२ च्या सुमारास मिकाओ उसुई यांनी रेकी सुरू केली आणि आज ती कोथरूडमधून न्यू जर्सीतील भाच्याला फोनवरही दिली जाते. येथे एक धोका सांगून ठेवतो. शरीराभोवतीची ऊर्जा स्पर्शाविना हातांना जाणवते असे म्हणणाऱ्या २१ उपचारकांची अमेरिकेतील एका ९ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रयोगासाठी परीक्षा घेतली. मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा ठेवून ती त्यांच्या एका हातावर आपला हात धरी आणि कोणत्या हातावर धरला आहे, एवढेच विचारी. बरोबर उत्तरे ४४ टक्के आली. नाणे उडवले असते, तर ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. हा प्रयोग १९९८ मध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आला. सबब रेकी घेताना घरातील चौथी-पाचवीची मुले क्लासला गेलेली असावीत.

टेबलावर चढण्यापूर्वी एक फॉर्म भरून घेतात. त्यातील आजारांचा रकाना कोरा ठेवण्याची पद्धत आहे, कारण त्यात रक्त पातळ करण्याच्या गोळ्या वगैरे लिहिल्यास वातावरण बिघडते. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसापर्यंत जाऊ शकते, असले अभद्र विचार सुगंधी मेणबत्तीच्या उजेडात कोणी करावेत? मान कडकन मोडून देण्याचा आग्रहही असाच धरावा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्यांना अशा झटक्याने क्वचित इजा होते, परंतु तो आवाज ऐकल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाही.

आता मुख्य भाग, म्हणजे टेबलावरचा तास. दुर्दैवाने मालिशचा एक गुण खरा आहे. पाठीच्या दुखण्याला त्याने काही काळ उतार पडतो, जीव थोडा शांत होतो आणि पुष्कळांना झोप लागते. हे टाळण्यासाठी सतत बोलत राहावे. मी स्वतः गेलो होतो, तेव्हा मालिश करणारी मुलगी दर दोन मिनिटांनी म्हणत होती, “काका, सैल सोडा ना.” मी सैलच सोडले आहे, असे मी तिला ठणकावून सांगितले आणि माझा उजवा हात तिच्या हातातून सुटल्यावरही हवेत तसाच उभा राहिला. मग तिने विचारले, “प्रेशर बरोबर आहे का?” खांद्याच्या मागे डोळ्यांत पाणी येईल इतके दुखत होते, तरीही मी “उत्तम” म्हणालो, कारण पैसे मोजून घेतलेल्या वेदनेत काही तरी गुण असलाच पाहिजे. अर्ध्या तासाने मात्र तिने तळपाय हातात घेतले, आणि कोणतेही चक्र न उघडता, कोणतेही विष न काढता, मला जे वाटले ते येथे लिहिण्यासारखे नाही. तेवढ्यासाठी अडीच हजार दिले, असे घरी कसे सांगणार? दिवसातून सहा-सात पाठी चोळून तिच्या अंगठ्यांचे काय होत असेल, हा प्रश्न मनात आला होता. तो विचारू नये. त्याचे पॅकेज नसते.

निसर्गोपचाराचा मोह शक्यतो आवरावा. ताडीवाला रस्त्यावरील डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी मुक्काम करीत आणि १९४६ मध्ये त्यांनी उरुळी कांचन येथे अशाच उपचारांना आरंभ केला, इतका या शहराला त्याचा शेजार आहे. पण माती, पाणी, ऊन आणि कमी जेवण, एवढाच तो सारा मामला. यांतील एकही वस्तू भेटकार्डावर देता येत नाही, आणि जेवण तर स्वतःच सोडावे लागते.

शिरोधारेची वेळ ठरवताना पंचांग पाहिले नाही तरी चालेल, पण गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूला लावायची यासाठी तारीख सम की विषम हे पाहून ठेवावे. गाडी पी १ च्या बाजूला लावली की पी २ च्या, हा विचार कपाळावर कोमट तेलाची पहिली धार पडताच येतो आणि पाऊण तास जात नाही. मग खाली रस्त्यावर भोंगा वाजतो आणि टोइंगच्या गाडीवरचा मुलगा दुचाक्यांचे क्रमांक पुकारू लागतो. अशा वेळी शांतपणे धार थांबवावयास सांगावी, टॉवेलवरच सदरा चढवावा आणि लिफ्टची वाट न पाहता जिन्याने उतरावे. दंड ऑनलाइन भरता येतो. फक्त बोटांना क्षीरबला तेल लागलेले असल्यामुळे मोबाइल अंगठा ओळखत नाही, म्हणून पिन पाठ असू द्यावा.