शंका जवळचीही घ्या

जुलै आला की नाशिकहून धाकट्या भावाचे फोन वाढतात. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा डोंगरातला एखादा टप्पा संपतो, त्याच्या सायकलवाल्या मित्रांत वाद पेटतो, आणि मी बेल्जियममध्ये, गेंटला राहते म्हणून निवाडा माझ्याकडे मागितला जातो. ही मंडळी रविवारी पहाटे गंगापूर रोडवरून निघतात, अंजनेरीपर्यंत जातात आणि परतताना मिसळीला थांबतात. तिथे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, सगळेच उत्तेजकं घेतात, सापडत नाहीत एवढंच. दुसरा म्हणतो, पुरावा असेल तर दाखवा, नाहीतर टूर जिंकणाऱ्या त्या पोगाचारची बदनामी थांबवा.

मला दोन्ही पटत नाहीत. त्यातल्या पहिल्याची तर मला भीती वाटते.

आधी शंकेला आधार काय ते बघू, कारण आधार आहे. १४ जुलै २०२४ ला पिरेनीज पर्वतातल्या प्लॅटो द बेल या चढावर तादेय पोगाचारने १५.८ किलोमीटर जवळपास ४० मिनिटांत कापले. सरासरी चढण आठ टक्क्यांच्या आसपास. १९९८ मध्ये इटलीच्या मार्को पांतानीने याच चढावर केलेली वेळ त्याने सुमारे साडेतीन मिनिटांनी मोडली. पांतानीचा काळ म्हणजे ईपीओचा काळ. रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं हे औषध तेव्हा चाचणीत पकडताच येत नव्हतं. त्या काळातल्या माणसाला आज कोणी मागे टाकतो, आणि एकटा नव्हे, मागोमाग आलेले विंगेगार्ड आणि एव्हनेपूलही टाकतात, तेव्हा भुवया उंचावणारच.

मग सुरू होतो वॅट पर किलोचा हिशेब. चढाची लांबी, चढण, लागलेला वेळ यांवरून माणसाने वजनाच्या दर किलोमागे किती ताकद लावली ते काढतात. माझा भाऊही स्ट्राव्हा या अ‍ॅपवर स्वतःचा कसारा घाट असाच मोजतो. हिशेब खोटा नाही, पण कच्चा आहे. वारा पाठीवर होता की तोंडावर, पुढच्याच्या आडोशाला किती वेळ मिळाला, टायर कुठले होते, हे सगळं त्यात अंदाजानेच धरावं लागतं. शिवाय १९९८ नंतर बऱ्याच गोष्टी खरोखर बदलल्या. आजचे रायडर शर्यतीत तासाला १०० ते १२० ग्रॅम कर्बोदकं पचवतात. पूर्वी याच्या निम्म्यावर भागवायचे आणि शेवटच्या चढावर रिकामे व्हायचे. सायकली आणि कपडे वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घेतात. एवढ्याने साडेतीन मिनिटं भरून निघतात का? काही भाग नक्की निघतो. सगळा निघतो असं छातीवर हात ठेवून म्हणणारा माणूस मला इथेही भेटलेला नाही.

आणि अशी स्पष्टीकरणं आपण पूर्वीही ऐकली आहेत. लान्स आर्मस्ट्राँग जिंकायचा तेव्हा त्याचं वजन उतरलंय, तो पेडल भरभर मारतो, अशी कारणं दिली जायची. १९९९ ते २००५ च्या त्याच्या सातही टूर २०१२ मध्ये काढून घेतल्या गेल्या. त्यात महत्त्वाचं काय, तर त्याला प्रयोगशाळेने पाडलं नाही. संघातल्या ११ जुन्या सहकाऱ्यांच्या साक्षींनी पाडलं. १९९८ चं फेस्टिना या सायकल संघाचं प्रकरणही चाचणीतून निघालं नव्हतं. संघाच्या मालिशवाल्याची गाडी फ्रान्सच्या हद्दीवर अडवली आणि आत औषधांचा साठा सापडला. म्हणून ‘चाचणीत सापडला नाही, विषय संपला’ हे भावाच्या दुसऱ्या तटाचं म्हणणं मला मान्य नाही. या खेळात शंका घेणाऱ्यांनी आपली जागा कष्टाने मिळवली आहे. अगदी अलीकडे कार्बन मोनॉक्साइड हुंगण्याची गोष्ट निघाली. रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायला तो वायू थोडा वापरतात, पण पुन्हापुन्हा हुंगला तर उंचावरच्या सरावासारखा फायदा होऊ शकतो. आधी पत्रकारांनी प्रश्न विचारले, मग फेब्रुवारी २०२५ पासून जागतिक सायकलिंग संघटनेने दवाखान्याबाहेर तो हुंगायला बंदी घातली. प्रश्न विचारल्यामुळेच नियम आला.

पण प्रश्न विचारणं वेगळं आणि ‘सगळेच घेतात’ म्हणणं वेगळं. हा फरक मला इथे राहून कळला. फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या या भागात, सायकलिंग घरातलं आहे, आणि शंकाही घरातल्यांवरच घेतली जाते. एडी मर्क्स हा इथला देव. १९६९ च्या जिरो द इटालिया या इटलीतल्या शर्यतीत आघाडीवर असताना सावोनाला त्याच्या चाचणीत उत्तेजक सापडलं आणि त्याला बाहेर काढलं. ते कितपत खरं, यावर इथले म्हातारे आजही तळमळीने बोलतात. योहान म्युझेऊने टूर ऑफ फ्लँडर्स तीनदा जिंकली, त्याच्यावर २००४ मध्ये दोन वर्षांची बंदी आली आणि पुढे त्याने आपण प्रामाणिक नव्हतो हे कबूल केलं. फ्रँक व्हांडेनब्रुक या इथल्याच रायडरच्या घरात पोलिसांना औषधं सापडली, आणि २००९ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी तो गेला. माझे ऑफिसातले सहकारी बेल्जियमच्या एव्हनेपूलसाठी गळा सुकेपर्यंत ओरडतात आणि त्याच जेवणाच्या टेबलावर त्याच्या वेळांविषयीही विचारतात. त्यांच्या शंकेत दुखावलेपण आहे. या देशाने उत्तेजकांविरुद्ध कायदा १९६५ मध्ये केला. आपला राष्ट्रीय कायदा २०२२ चा.

आता आपल्याकडे बघू. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१३ मध्ये बंदी असलेले पदार्थ सापडले. पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त, ३.८ टक्के. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत ‘नाडा’ या आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे अधिकारी आल्याचं कळलं आणि खेळाडू पळून गेले, पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम फेरीत एकच जण धावला. स्टेडियमच्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंज पडल्या होत्या. भावाला विचारलं, यावर तुमच्यात किती वाद झाला? तो म्हणाला, बातमी बघितली होती.

आणि दिल्ली तरी लांब. नाशिक धावपटूंचं गाव आहे. सावरपाड्याची कविता राऊत इथली. संजीवनी जाधव इथली. २०१७ मध्ये तिने आशियाई स्पर्धेत पदक मिळवलं, २०१८ मध्ये तिच्या नमुन्यात प्रोबेनेसिड हा बंदी असलेला, इतर औषधं झाकणारा पदार्थ सापडला आणि दोन वर्षांची बंदी आली. शिक्षा भोगून ती परतली आणि २०२३ ला बँकॉकमध्ये १०,००० मीटरचं कांस्य घेऊन आली. तिच्या वाट्याला हे कसं आलं, तिच्या आजूबाजूच्या मोठ्यांची जबाबदारी काय, धावणाऱ्या मुलींना गोळी-औषधाबद्दल कोण सांगतं, यावर आपल्या शहरात मोकळेपणाने बोलायला हवं होतं. माझ्या ओळखीच्यांत कोणी बोललं नाही. पोगाचारबद्दल मात्र सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

मला भीती वाटते ती इथे. आतेभावाचा मुलगा दिंडोरीजवळ राहतो, पोलीस भरतीची तयारी करतो. मैदानी चाचणीच्या ५० पैकी २० गुण १६०० मीटर धावण्याला, आणि एकेका गुणावर नोकरी जाते. भरतीआधी इंजेक्शन घेताना उमेदवार सापडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात येऊन गेल्या आहेत. या मुलाला सराव घेणाऱ्या एकाने सांगितलं, “सगळेच घेतात, तू नाही घेतलंस तर मागे राहशील.” मिसळीच्या टेबलावर जे वाक्य हुशारीचं वाटतं, तेच मैदानाच्या कडेला उभं राहून पोराच्या दंडात सुई टोचतं.

शिवाय ते वाक्य खोटं आहे. फेस्टिनाच्या त्या संघात क्रिस्तोफ बासों नावाचा रायडर होता. तो घेत नव्हता, हे त्याच्या घेणाऱ्या सहकाऱ्यांनीच सांगितलं. १९९९ च्या टूरमध्ये त्याने वर्तमानपत्रात शंका मांडली, तेव्हा आर्मस्ट्राँगने चालत्या शर्यतीत त्याला घरी जायला सांगितलं. बाकीच्यांनी त्याला वाळीत टाकलं, आणि तो टूर अर्धवट सोडून गेला. ‘सगळेच’ म्हणताना आपण बासोंलाही त्यात ढकलतो. मग घेणारा आणि न घेणारा सारखेच झाले, तर न घेणाऱ्याने कशासाठी सोसायचं?

भावाच्या गटात तीन-चार डॉक्टर आहेत. २०१५ मध्ये रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण करणारे महाजन बंधूही नाशिकचेच डॉक्टर, तेव्हा या शहरात सायकल आणि वैद्यकी यांचं नातं नवं नाही. मी भावाला एवढंच म्हटलंय, महिन्यातल्या एका रविवारी राइडनंतरचा तासभर भरतीच्या पोरांना द्या. इंजेक्शनमध्ये काय असतं, हृदयाचं आणि यकृताचं काय होतं, पावडरच्या डब्यावर न छापलेलं काय निघू शकतं, हे डॉक्टरने सांगितलं तर मुलं ऐकतात. ‘नाडा’चं औषध तपासायचं अ‍ॅप आहे, ते त्यांच्या फोनमध्ये टाकून द्या. आणि अकादमीत फी भरताना आईवडिलांनी संचालकांना तोंडावर विचारावं: तुम्ही मुलांना काय देता, कोणाच्या सल्ल्याने देता, चिठ्ठी दाखवा. पोगाचारला हे विचारायला इथे शेकडो पत्रकार बसलेत. दिंडोरीत विचारणारं कोणी नाही.