घरमालकाची गरज आणि कलम १६ : एका आक्षेपाला उत्तर

भाडे कायद्यावरील माझ्या लेखावर आपण घेतलेला आक्षेप मी दोनदा वाचला. आपण म्हणता की मी भाडेकरूची बाजू घेतली आहे, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा मुलासाठी जागा मागणाऱ्या मालकाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावण्यापलीकडे काहीच देत नाही. यातले अर्धे मला मान्य आहे. पण ते अर्धे कोणते, याविषयी आपले जमत नाही.

मालक कोणत्या कारणांनी ताबा मागू शकतो हे सांगणाऱ्या या कायद्याच्या कलम १६ खाली स्वतःची वाजवी आणि खरीखुरी गरज सिद्ध करणे आपण समजता तितके अवघड नाही. मालकाला किती जागा लागते हे ठरवण्याचा अधिकार मुख्यतः त्याचाच, त्याने अमुक खोलीत भागवावे असे भाडेकरूने सांगू नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा घेतली आहे. अट एवढीच की ती गरज असावी, नुसती इच्छा नसावी. मालकाचा घात बहुधा त्याच्याच दाव्यातील मजकूर करतो. हाताशी असलेली दुसरी रिकामी जागा त्यात सांगितलेली नसते, ती उलटतपासणीत बाहेर येते, आणि मग मुलाच्या संसाराची खरी गरजही बनावट वाटू लागते. ती जागा का पुरत नाही हे आधीच लिहिले असते, तर बहुतेक वेळा काही बिघडले नसते.

तुलनात्मक अडचणीच्या तरतुदीला आपण ‘भाडेकरूची ढाल’ म्हटले आहे. कलम १६ चे पोटकलम (२) नीट वाचल्यास दिसेल की न्यायालयाला तिथे हुकूमनामा (ताबा देण्याचा निकाल) दिल्याने आणि नाकारल्याने होणारा त्रास, तसेच दोघांपैकी कोणाला दुसरी सोयीची जागा उपलब्ध आहे का, हे सारे तोलावे लागते; त्यामुळे दावा वर्षानुवर्षे चालू असताना ज्याने दुसरी जागा शोधण्याची साधी खटपटही केली नाही, त्या भाडेकरूचे पारडे हलके होते. शिवाय काही भागाचाच ताबा देऊन कोणाचीच अडचण होणार नसेल, तर तेवढ्यापुरता हुकूमनामा देता येतो, ज्याची मागणी वकील क्वचितच करतात.

थकबाकीविषयी मात्र चूक माझी होती. तीन महिने भाडे थकले की ताबा मिळतो, असे मी लिहिले ते सपशेल चुकले. कलम १५ प्रमाणे आधी मागणीची लेखी नोटीस द्यावी लागते, ९० दिवस थांबावे लागते, आणि त्यानंतर दावा लावला तरी समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सारी थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह व दाव्याच्या खर्चासह भरली आणि पुढेही भाडे नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून हुकूमनामा होत नाही. मुद्दाम भाडे थकवणाऱ्यालाही ही सवलत मिळते, हा आपला संताप रास्त आहे.

विलंबाबद्दलही आपण बरोबर आहात, पण त्याचे मूळ कलम १६ मध्ये नाही. जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवणे काळाच्या ओघात अवाजवी ठरले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले; १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण मूळ रक्कमच क्षुल्लक असल्यावर तिचे ४ टक्के ते किती! इतक्या स्वस्त जागेसाठी कोणीही शेवटच्या तारखेपर्यंत लढणारच. हुकूमनाम्यानंतर अपिलात स्थगिती देताना बाजारभावाच्या जवळची भरपाई भरण्याची अट घालता येते, हे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. भाडेकरूला घाई व्हावी असे कायद्यात फारसे काही नव्हते. ते प्रथमच या अटीमुळे आले.

राहिले आपल्या भावाच्या सदनिकेचे उदाहरण. ती ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने (म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता, शुल्क घेऊन केवळ वापराची परवानगी देणाऱ्या कराराने) राहायला दिली आहे, म्हणजे तिथे राहणारा भाडेकरू नव्हेच, आणि कलम १६ चा प्रश्नही येत नाही. मुदत संपूनही तो जागा सोडत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करावा. ताबा देईपर्यंत ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. करार नोंदणीकृत आहे की नाही, हे आपण लिहिलेले नाही. कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाचीच असते, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी भावाला तेवढे विचारून घ्यावे.