इतर परिस्थिती कायम असताना

माझ्या मागणीच्या नियमावर गुलाबाच्या पाकळ्या पडतात. आधी पाकळ्या, मग सनईचा तुकडा, मग सोनेरी अक्षरांत माझं नाव आणि नावाच्या दोन्ही अंगाला तेवत्या समया. त्यानंतर मी स्लो मोशनमध्ये दारातून आत येते, मान वळवते आणि म्हणते, “विद्यार्थी मित्रांनो, इतर परिस्थिती कायम असताना…” काल संध्याकाळी कॉलेजच्या ग्रुपवर माझ्या व्हिडिओ व्याख्यानाची लिंक पडली आणि जेवणं होईपर्यंत खाली अभिनंदनांची रांग लागली. त्यातलं एक माझ्या धाकट्या जावेचं. ती ग्रुपवर नाही. तिच्यापर्यंत लिंक कुणी पोचवली याचा तपास घरात चालू आहे.

परिपत्रकाचा इतिहास सांगत बसत नाही. कॉलेजच्या मूल्यांकनाची टीम येणार, म्हणून प्रत्येकानं आपल्या विषयातल्या एका घटकाचं किमान ४५ मिनिटांचं व्हिडिओ व्याख्यान करायचं आणि त्याची लिंक अहवालाला जोडायची, एवढंच. आमच्याकडं स्टुडिओ नाही, कॅमेरा नाही. पण चित्रीकरण, मिक्सिंग आणि थेट प्रक्षेपण या तिन्हींत मुरलेली जमात तालुक्यात आहे, ती म्हणजे लग्नाचे शूटिंगवाले. दुबईच्या मामाला भाचीच्या अक्षता लाइव्ह दाखवतात ते हेच. त्यात पितृपंधरवडा चालू होता. लग्नं बंद, दर निम्मा. समन्वयक सरांनी ही संधी हेरली आणि भूगोलाची प्रयोगशाळा मोकळी करून दिली, कारण तिथं पडदे आहेत.

पंखे बंद. माइकमध्ये घरघर येते म्हणून. वर दोन भलेमोठे दिवे तोंडावर. शूटिंगवाला पंचविशीतला, गळ्यात हेडफोन, अंगात बिनबाह्यांचं खिशाखिशांचं जाकीट. बरोबर दिवा धरायला एक पोरगा. मी खडू घेऊन फळ्यापाशी उभी राहिले, तशी त्यानं मान हलवली.

“असं नाही मॅडम. एन्ट्री घ्या.”

“कसली एन्ट्री?”

“दारातनं आत या. हळू. डावा हात पदराला, उजव्यात खडू. मधी थांबा, इकडं मान, आन् हसा.”

“वर्गात मी हसत येत नाही हो.”

“नवरीबी हसत नसती मॅडम. आम्ही हसवतो.”

मी दारातून आत आले. त्याला पसंत पडेना. पुन्हा आले. मग दिवा धरणाऱ्या पोराची सावली आली म्हणून परत. मी म्हटलं, अहो, मला एन्ट्री नको, नियम सांगू द्या. त्यावर तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “लाजू नका. भटजीसुद्धा रिटेक देतात. परवा एका लग्नात अक्षता आधी पडल्या आन् ड्रोन उशिरा उडाला. परत सावधान म्हणायला लावलं. नवरदेव काही बोलला नाही.”

नवरदेव काय बोलणार? मीही बोलले नाही.

पुढं नजरेचा प्रश्न. लेन्समध्ये बघा, असा हुकूम. आता लेन्समध्ये बघितलं की आपलंच इवलंसं रूप दिसतं, घामेजलेलं, कपाळ मोठं आणि हनुवटी गायब. माझी नजर सारखी ढळायला लागली. त्यानं कॅमेऱ्याच्या बॅगेचा कप्पा उघडला, टिकल्यांचं पाकीट काढलं, त्यातली एक लाल टिकली सोलून लेन्सच्या बरोबर वर चिकटवली आणि अंगठ्यानं दाबली. “हिच्याकडं बघा. नवऱ्या गोंधळत्यात म्हणून जवळच ठेवतो. टिकलीकडं बघितलं की सासरचं कुणी दिसत नाही.”

त्या टिकलीला मी अर्थशास्त्र शिकवलं. वर्गात शिकवताना कुणाला कळतंय आणि कुणाला नाही, हे डोळ्यांना आपोआप दिसत असतं. ज्यांना कळत नाही ती मुलं पेन खाली ठेवत नाहीत, उलट जास्तच भराभर लिहायला लागतात. तो वेग वाढला की मी थांबते, उदाहरण बदलते, कांद्यावरून पेट्रोलवर येते. टिकली काहीच लिहीत नव्हती. तिला किंमत आणि मागणी यांचं व्यस्त नातं एका दमात समजलं होतं.

मी फळ्यावर डावीकडून उजवीकडे उतरता मागणी वक्र काढला, किंमत वाढली की मागणी घटते म्हणाले, आणि कॅमेऱ्यामागून आवाज आला, “न्हाई पटलं.”

मी थबकले. पोरानं दिवा खाली केला.

“म्हंजी बघा मॅडम, मे महिन्यात मी रेट दुप्पट सांगतो. तरी फोन थांबत न्हाईत. आन् आत्ता पितृपक्षात निम्म्यात करतो म्हणलं तरी कुत्रं फिरकत न्हाई. तुम्हीच आलाय. मग किंमत वाढली की मागणी घटती कशी?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न वर्गातून, इतक्या रोकड्या हिशोबासह, मला कुणी विचारलेला नाही. पाठ्यपुस्तकातला सगळ्यात निसरडा भाग आहे तो. किमतीमुळे मागणी बदलली तर ते विचलन, विस्तार किंवा संकोच, माणूस त्याच वक्रावर खाली-वर सरकतो. पण किंमत सोडून दुसरंच काही बदललं, मुहूर्त आले, हातात पैसा आला, आवड पालटली, तर अख्खा वक्रच जागचा हलतो. मुलं दोन्ही पाठ करतात आणि परीक्षेत हमखास एकाच्या जागी दुसरं लिहितात.

“मे महिन्यात तुम्ही दुप्पट घेता,” मी विचारलं. “चौपट मागितले तर?”

“कोण देतंय? पलीकडच्या चौकात दुसरा बसलाय की.”

“म्हणजे मे महिन्यातही रेट चढवला की गिऱ्हाईक कमीच होणार. नियम तोच. फक्त मे महिन्याचा वक्रच वेगळा.” आणि मी फळ्यावर पहिल्याच्या उजवीकडे दुसरा वक्र काढला, डी-वन लिहिलं. “हा मे. हा पितृपक्ष. मुहूर्त ही तुझी इतर परिस्थिती. ती बदलली.” बोलता बोलता मी ‘अहो’वरून ‘अरे’वर आले होते. चांगला विद्यार्थी समोर आला की माझं असं होतं.

तो पुढं आला. फळ्यावरच्या दोन रेघांकडं बघत राहिला. मग एका बोटानं हवेतच पहिल्या रेघेवरून दुसरीवर उडी मारली. “आस्सं! आन् अधिक महिना डावीकडं?” त्याला धोंड्याच्या महिन्यातली मंदीसुद्धा आपणहून सापडली होती. दिवावाला पोरगा म्हणाला, “आन् नोटाबंदी झालती तवाबी डावीकडंच गेला आसंल.” प्रयोगशाळेतल्या पृथ्वीच्या गोलाला साक्ष ठेवून सांगते, अलीकडच्या काळात इतका चांगला तास माझा झालेला नाही.

हे सगळं चित्रित झालं होतं, आणि व्याख्यानात नाही. ‘बाहेरील व्यक्तीचा आवाज’ म्हणून समन्वयकांनी कापायला लावलं. सनई ठेवली. विद्यार्थ्याचा प्रश्न बाहेरचा आणि सनई आतली! वर त्या सनईची गंमत अशी की यूट्यूबवर आवाजाचा ठसा जुळवून बघणारी यंत्रणा असते. व्हिडिओ चढला आणि पाठोपाठ नोटीस आली की पार्श्वसंगीतावर दुसऱ्या कुणाचातरी हक्क आहे. मागणीच्या नियमावर कुणी हक्क सांगितलेला नाही. तो बिनवारस.

कापाकापीनं वेळ ४५ मिनिटांच्या खाली आला, म्हणून एन्ट्री लांबवली. मी दारातून आत येते ते अजून येतेच आहे. यावर मी समन्वयकांना एक शोधनिबंध दाखवला. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतली व्हिडिओ बघण्याची तब्बल ६९ लाख सत्रं तपासून निघालेला निष्कर्ष होता तो. व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थी साधारण सहा मिनिटांच्या पुढं टिकत नाहीत. आणि महागड्या स्टुडिओतल्या चित्रणापेक्षा शिक्षक आपल्या टेबलापाशी बसून साधेपणानं बोलला तर मुलं जास्त वेळ बघतात. सरांनी निबंध शेवटपर्यंत चाळला, चष्मा काढला आणि म्हणाले, “त्यांना कुठं मूल्यांकनाला सामोरं जायचंय?”

या देशाला पडद्यावरून शिकवण्याची हौस आजची नाही. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन सहा राज्यांतल्या २,४०० गावांत टीव्ही दाखवला गेला. शेती, आरोग्य, शाळा. महाराष्ट्र त्यात नव्हता, नाहीतर आमच्याकडं तेव्हाच एखादी समिती नेमली गेली असती. मग १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ आला. तो बहुतांशी इंग्रजीत असे. शेजारच्या घरी दुपारी तो लागायचा आणि माझी आजी मांडी घालून समोर बसायची. एक गोरा माणूस खडकांबद्दल काहीतरी सांगतोय आणि आजी वाती वळत ऐकतेय. “किती पोटतिडकीनं सांगतोय बिचारा,” म्हणायची. निदान एक प्रेक्षक त्याला शेवटपर्यंत मिळाला. पुढं २००४ मध्ये खास शिक्षणासाठी एज्युसॅट उपग्रह सोडला, २०१७ मध्ये ‘स्वयम’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आणि ‘स्वयंप्रभा’चे ३२ डीटीएच चॅनेल आले. आमच्या गच्चीवर त्या प्रवासातल्या कुठल्यातरी टप्प्याची एक डिश आहे. कुठल्या, ते साठा नोंदवहीलाच ठाऊक. पारव्यांनी तिचा ताबा घेतला आहे.

सगळंच वाईट म्हणणार नाही. आयआयटीवाल्यांचे एनपीटीईएलचे व्हिडिओ बघून आमच्या गावातली अभियांत्रिकीची मुलं पास झाली आहेत, आणि ती त्या प्राध्यापकांविषयी गुरुजींसारखं बोलतात. पण तिथं शिकवणाऱ्याला शिकवायचं होतं आणि बघणाऱ्याला शिकायचं होतं. माझ्या व्हिडिओत दोघांपैकी कुणाचीच तशी इच्छा नोंदलेली नाही. तो अहवालाच्या एका रकान्यासाठी जन्माला आला आहे.

२०२० च्या टाळेबंदीत निदान पलीकडं माणसं होती. फुकटातली मीटिंग ४० मिनिटांनी आपोआप बंद पडायची, त्यामुळे तासाची शिस्तही होती. थेट प्रक्षेपणात मात्र आवाज अर्धा मिनिट मागं पडायचा. मी विचारायचे, “समजलं का?” सगळं शांत. मी पुढं सरकायचे, “तर मग मजुरी शून्य केली तर कामगार कामावर येईल का?” आणि तेवढ्यात आधीच्या प्रश्नाचं उत्तर धावत यायचं. हो मॅडम, हो मॅडम, हो मॅडम.

आता एक कडू गोष्ट. आमच्या विभागातली एक जागा मोरे… नाव जाऊ दे, एक ज्येष्ठ सर निवृत्त झाल्यापासून रिकामी आहे. तिथं तासिका तत्त्वावर एक मुलगा शिकवतो. नेट-सेट, पीएचडी, सगळं झालेलं. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की पैसे बंद, आणि वर्ष संपलं की पुन्हा मुलाखत. त्यालाही व्हिडिओ करायला लावला. त्याचे पैसे मिळतील का, असं त्यानं हळूच विचारलं. उत्तर आलं, चित्रीकरण म्हणजे तासिका नव्हे. त्यानं दोन घटक केले, दोन्ही माझ्यापेक्षा चांगले, पाकळ्या न घालता. आणि बैठकीत एकजण अगदी सहज बोलून गेला की व्हिडिओ तयार झाले म्हणजे पुढच्या वर्षी तासिकेचे तास थोडे कमी करता येतील. कुणी हसलं नाही, कुणी रागावलंही नाही. चहा आला. उद्या हा मुलगा इथं नसेल, आणि शिपाई प्रोजेक्टर लावून त्याचाच आवाज त्याच्याच वर्गात सोडेल, तेव्हा त्या आवाजाचा मालक कोण, हे परिपत्रकात लिहिलेलं नाही. मी विचारलं तेव्हा ‘पाहू’ म्हणाले. हा ‘पाहू’ मी नोकरीत लागल्यापासून पाहते आहे.

आज सकाळी शूटिंगवाल्याचा फोन आला. उरलेल्या घटकांचं काय करायचं म्हणून. दिवाळीच्या सुट्टीनंतर बघू, असं मी म्हणत होते, तर म्हणाला, “मॅडम, मग उशीर हुईल. तुळशीचं लग्न झालं की माझा डी-वन उजवीकडं सरकतोय. त्याआधी उरकून घ्या, न्हाईतर कॉलेजला परवडायचं न्हाई.”

मी हे शब्द जसेच्या तसे समन्वयकांच्या कानावर घातले. ते म्हणाले, “दर वाढणार असेल तर नव्यानं तीन कोटेशनं लागतील. आणि तो डी-वन काय म्हणतोय, तो खर्च वेगळा दाखवायला सांगा.”