म्हाताऱ्या मांजराच्या प्रत्येक तक्रारीवर ‘वय झाले’ हे उत्तर नव्हे

मांजर पाळणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतो आहे. त्याचा सारांश असा: दहा वर्षांनंतर मांजर बारीक होणे, जास्त पाणी पिणे, उड्या मारणे सोडणे हे सारे वयाचेच असते, डॉक्टरकडे नेऊन त्याला त्रास देऊ नये, त्याच्या खाण्यातले मांस कमी करून किडनी जपावी आणि अंग दुखत असेल तर आपल्याच पॅरासिटामॉलचा तुकडा द्यावा. लिहिणाऱ्याची माया खरी असेल, पण हे सल्ले टिकत नाहीत आणि शेवटचा तर जीवघेणा आहे, म्हणून आधी त्याच्याविषयी.

माणसाचे यकृत पॅरासिटामॉलचा निचरा ज्या मार्गाने करते, तो मार्ग मांजरात फार दुबळा असतो. त्यामुळे विषारी घटक साठतात, रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी पडतात आणि चेहरा व पंजे सुजतात. गोळीच्या तुकड्यानेही मांजर दगावू शकते. ती चुकून पोटात गेलीच, तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा, कारण वेळेत पोहोचल्यास त्यावर उपचार आहेत.

पाणी जास्त पिणे ही तर सर्वांत मोलाची सूचना असते. मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकेनाशी झाली की शरीर ती तूट पाणी पिऊन भरून काढते; मधुमेह आणि थायरॉइडच्या विकारातही तहान वाढते. रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचा एक टाकाऊ घटक, साधारणपणे मूत्रपिंडांची तीन चतुर्थांश क्षमता गेल्यावरच ठळकपणे वाढते, म्हणून केवळ तेवढ्या आकड्यावर विसंबू नये. दर सहा महिन्यांनी रक्ताबरोबर लघवी आणि रक्तदाबही तपासून घ्यावा. रक्तदाब वाढून डोळ्याचा पडदा सुटतो आणि मांजर अचानक आंधळे होते, हे अनेकांना ठाऊकच नसते; वेळीच निदान झाले तर रक्तदाब औषधाने आटोक्यात ठेवता येतो.

वजनाचेही तसेच. भरपूर खाऊनही बारीक होणारे, रात्री ओरडत फिरणारे म्हातारे मांजर पाहून घरच्यांना ते ‘अजून तरतरीत’ वाटते, पण थायरॉइडची ग्रंथी अति काम करू लागल्याचे ते नेमके चित्र असू शकते आणि त्यावर गोळ्या, शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीन असे उपचार आहेत. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम घटणे म्हणजे दहा टक्के वजन जाणे. दाट केसांखाली ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करून ते लिहून ठेवावे, शक्यतो तान्ह्या बाळाच्या काट्यावर, कारण त्यात थोडा फरकही कळतो.

उड्यांबद्दल बोलायचे तर 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरील मांजरांच्या क्ष-किरण चित्रांपैकी 90 टक्क्यांत सांध्यांची झीज आढळली. मांजर सहसा लंगडत नाही. एका झेपेत खिडकीत जाणारे ते आधी स्टुलावर चढते, क्षणभर थांबते आणि मग वर जाते. नखे घासणे कमी झाल्याने ती वाढून, वळून पंजाच्या गादीत रुततात, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी पंजे उलटून पाहावेत. शी-शूच्या ट्रेची कड उंच असेल तर सांधे दुखणारे मांजर बाहेरच घाण करते आणि वर बोलणीही खाते, याचे मला फार वाईट वाटते. एक बाजू खोल कापलेला ट्रे त्याला पुरतो.

मांस कमी करण्याचा सल्ला निरोगी म्हाताऱ्या मांजराला उलटाच पडतो. त्याचे स्नायू आधीच झिजत असतात आणि दहा-बारा वर्षांनंतर काही मांजरांना प्रथिने व चरबी नीट पचत नाहीत. मूत्रपिंडाच्या आजाराचे पथ्य वेगळे: त्यात मुख्यतः फॉस्फरस कमी केलेला असतो आणि ते निदानानंतरच सुरू करायचे असते.

डॉक्टरकडे जाण्याचा ताण मात्र खरा आहे. पण पिंजरा आठवडाभर आधीच उघडा ठेवून त्यात त्याचे नेहमीचे अंथरूण घातले, तर बराचसा ताण निवळतो. फारच घाबरणाऱ्या मांजरासाठी पशुवैद्य आधी देण्याचे शामक औषधही लिहून देतात. दिवसभर अन्नाला तोंड न लावलेल्या मांजराबाबत मात्र ही तयारीही करत बसू नये: उपासमारीत मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते, त्यामुळे त्याला त्याच दिवशी दाखवावे.